शिकागो ते बॅडलँड्स, दोन चाकांवर

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्हा शिक्षकांची धाव फार तर माहेरापर्यंत. २०२४ साली मात्र धाकट्या भावाने शिकागोचे तिकीटच पाठवले. "आपा, या खेपेला तुला घरात बसवून ठेवणार नाही. अमेरिका दाखवतो," असे तो फोनवर म्हणाला होता. कशी दाखवणार, ते मी त्याच्या दारात उतरले तेव्हा कळले. घराच्या कडेला एक पांढरे खोके उभे होते. त्याला खिडक्या होत्या, दार होते आणि खाली दोन चाके होती.

तिकडे याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नसते. गाडीच्या मागे अडकवायचे आणि घर ओढत न्यायचे. भावाचा ट्रेलर लहानच, सतरा फुटांचा, एका अ‍ॅक्सलचा. आत दोन शेगड्या, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी, जेमतेम उभे राहता येईल अशी न्हाणी आणि रात्री मोडून पलंग होणारे टेबल. आदल्या उन्हाळ्यात त्याने तो वापरलेला घेतला होता. विकणाऱ्याने टायरवर हात ठेवून सांगितले होते, "हे तर नव्यासारखे आहेत." आणि ते तसे दिसतही होते. काळे कुळकुळीत, नक्षी खोल, कुठे घासल्याची खूण नाही. भावाने नखाने नक्षी चाचपली आणि पैसे मोजले.

मुलांच्या शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटल्या. माझे परतीचे तिकीट बारा तारखेचे होते. मधल्या दिवसांत साउथ डकोटामधले बॅडलँड्स पाहून यायचे ठरले. शिकागोहून एकाच रस्त्याने, आय-९० नावाच्या महामार्गाने, सुमारे चौदाशे किलोमीटर पश्चिमेला. हा रस्ता पूर्वेला बोस्टनहून निघतो आणि पार सिएटलपर्यंत जातो.

निघण्याच्या आदल्या रात्री भावजयने सामान भरले. आपल्या बायकांचे सामान म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. वीस पाउंडांची बासमतीची पिशवी, कणकेची पिशवी, कुकर, बिडाचा तवा, कोळशाची दोन पोती, दोन सतरंज्या, दोन घड्यांच्या खुर्च्या. वाटेत पाणी मिळेल न मिळेल म्हणून टाकीही काठोकाठ भरली. वीस गॅलन, म्हणजे पंचाहत्तर लिटर. मीही गावाकडून आणलेला कोकमाचा डबा त्यात ठेवला.

पहिल्या दिवशी विस्कॉन्सिन ओलांडून मिसिसिपी नदीकाठच्या ला क्रॉसला मुक्काम केला. नदी पाहून छाती दडपते. पलीकडचा काठ झाडीत हरवलेला, मध्ये बेटे, आणि सकाळच्या धुक्यात तराफ्यांसारख्या जाणाऱ्या मालवाहू बोटी. नदी ओलांडली की मिनेसोटाचे डोंगर लागतात आणि ते चढून वर गेले की सपाट शेतीला अंत नाही. मका, सोयाबीन, पवनचक्क्या, पुन्हा मका. मोठा भाचा म्हणाला, "फुफू, आता साउथ डकोटापर्यंत हेच." धाकटा झोपला होता.

ऑस्टिन नावाच्या गावाच्या जरा अलीकडे मागून ढोल फाटावा तसा आवाज आला. भावाने हात घट्ट केले. ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावीकडे, मग उजवीकडे गेला. भावाने ब्रेक दाबला नाही, हे त्याचे शहाणपण. वेग आपोआप पडू दिला आणि हळूहळू कडेला घेतले. मी पहिल्यांदा मागे वळून मुलांकडे पाहिले आणि मग भावजयकडे. तिच्या तोंडून "या अल्लाह" एवढेच निघाले.

उजव्या चाकाचा टायर पंक्चर झाला नव्हता, तो सोलला गेला होता. वरचा नक्षीचा पट्टा आखाच्या आखा निघून चाकावरच्या पत्र्यावर आपटला होता. पत्रा फाटला होता, मागच्या दिव्याची वायर तुटली होती. जड मालाचे ट्रक शेजारून जात आणि प्रत्येक वेळी आमचे घर थरथरत असे. मुलांना कुंपणापलीकडच्या गवतात उभे केले. भावाने जॅक लावला, स्टेपनी बसवली आणि आम्ही ताशी चाळीस मैलांनी ऑस्टिनमध्ये शिरलो. हे गाव डुकराच्या मांसाचे डबे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे, त्या डब्याचे इथे संग्रहालयही आहे. आम्हाला हवे होते ते फक्त टायरचे दुकान.

दुकानदार साठीचा होता, हातांवर ग्रीसचे डाग कायमचे बसलेले. त्याने नक्षी पाहिलीच नाही. तो जमिनीवर आडवा झाला, ट्रेलरखाली सरकला आणि टॉर्च मारून म्हणाला, "कोणी वाचता का?" मी शिक्षिका, वाकले. टायरच्या आतल्या बाजूला 'डॉट' या अक्षरांनंतर एक लांब संकेत कोरलेला होता आणि त्याच्या शेवटी चार आकडे: २३१३.

"हा टायर २०१३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला," तो म्हणाला. माझा धाकटा भाचा नऊ वर्षांचा. टायर त्याच्यापेक्षा मोठा होता. दुसऱ्या चाकावरही तेच आकडे, आणि स्टेपनीवरही. अकरा वर्षांच्या स्टेपनीवर आम्ही पोरांना घेऊन गावात आलो होतो.

भाऊ म्हणाला, "पण घासलेला तर नाही!" इथेच तो फसला होता. कारचा टायर रोज पळतो, म्हणून तो झिजतो आणि झीज डोळ्यांना दिसते. ट्रेलर वर्षातले दहा महिने एका जागी उन्हात उभा असतो. टायरच्या रबरात त्याला जपणारे घटक मिसळलेले असतात, टायर फिरला, दबला, तापला की ते पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरला ते मिळत नाहीत. रबर आतून वाळते, तारांचे थर एकमेकांना सोडू लागतात, आणि वरून नक्षी नव्यासारखीच राहते. म्हणून ट्रेलरचा टायर पाच-सहा वर्षांत बदलायचा, नक्षी कितीही शिल्लक असो. तारीख कुठल्या बाजूला येईल याचाही नेम नसतो, कारण पूर्ण संकेत टायरच्या एकाच बाजूला कोरणे पुरेसे असते. आमची तारीख आत गेली होती. विकणाऱ्याला ती माहीत होती की नव्हती, कोण जाणे. भावाने त्याला नंतर फोन केला, तो उचलला गेला नाही.

दुकानदाराचा पुढचा प्रश्न होता, "वजन किती?" भावाने माहितीपत्रकातला आकडा सांगितला: सत्तावीसशे पाउंड. म्हातारा हसला. ते रिकाम्या ट्रेलरचे वजन. त्याने आम्हाला गावाबाहेरच्या ट्रकतळावर पाठवले. तिथे जमिनीत मोठा काटा असतो, ट्रकवाले त्यावर माल तोलून घेतात, आणि थोड्या डॉलरांत कोणालाही तोलून मिळते. आपल्याकडचा धर्मकाटाच, फक्त गाडीतून न उतरता बटण दाबून काम होते. चिठ्ठी हातात आली: ट्रेलरच्या चाकांवर ३४६० पाउंड, म्हणजे सुमारे १५७० किलो.

ट्रेलरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर कंपनीने एक पट्टी चिकटवलेली असते. भावाने ती वर्षभरात वाचली नव्हती. अ‍ॅक्सलची कमाल मर्यादा ३५०० पाउंड, टायरचे माप, हवा किती भरायची, सगळे तिच्यावर होते. फुटलेल्या टायरवर कोरले होते: एसटी २०५/७५ आर १४, भारश्रेणी सी, कमाल भार १७६० पाउंड, ५० पाउंड हवा. (हवेचे पाउंड वेगळे आणि वजनाचे वेगळे, आपल्याकडेही पंपावर "तीस पाउंड मार" म्हणतातच.) दुकानदाराने खडूने जमिनीवर हिशेब मांडला. दोन टायर मिळून ३५२०. वजन ३४६०. उरले ६० पाउंड, सत्तावीस किलो. तेही टायर ताजे असते आणि हवा पूर्ण असती तर. शाबूत राहिलेल्या डाव्या टायरमध्ये हवा निघाली अडतीस पाउंड. हवा कमी म्हणजे उचलण्याची ताकद कमी. त्यात काटा दोन्ही चाकांचे मिळून वजन सांगतो, डावे-उजवे सांगत नाही. आमचे स्वयंपाकघर, तांदूळ, कोळसा आणि पाण्याची टाकी, सगळे उजव्या बाजूला होते.

भावजय माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "आपा, तवा आपण घरी ठेवायला हवा होता." मला कोकमाचा डबा आठवला.

आता टायर निवडायचा प्रश्न. भावाने कोपऱ्यातल्या कारच्या स्वस्त टायरकडे बोट दाखवले, माप जवळपास तेच. दुकानदाराने मान हलवली. टायरच्या मापाआधीची अक्षरे पाहायची. 'पी' म्हणजे प्रवासी कार, 'एसटी' म्हणजे खास ट्रेलरसाठी. कारचा टायर नरम बाजूंचा, त्याने खड्ड्याचा धक्का गिळावा म्हणून. ट्रेलरचे चाक गाडी ओढत नाही, वळत नाही, फक्त ओझे वाहते, आणि वळणावर बिचारे आडवे घासटले जाते. त्याला बाजू ताठ लागतात. कारचा टायर ट्रेलरला लावायचाच, तर त्यावर लिहिलेला भार १.१ ने भागून धरावा, असा तिकडचा नियम आहे.

मग भारश्रेणी. सी म्हणजे आपल्या ट्रकवाल्यांच्या भाषेत सहा प्लाय, डी म्हणजे आठ. त्याच मापात डी श्रेणीचा टायर ६५ पाउंड हवेवर २०४० पाउंड उचलतो. दोन मिळून ४०८०. वजनापेक्षा सहाशेहून जास्त. माझ्या तोंडून "हेच द्या" निघून गेले, पण म्हातारा थांबला. त्याने आमची डिस्क उलटी केली आणि गंजाखाली बोट फिरवले. तिथेही आकडे होते: १७६० पाउंड, ५० पाउंड हवा. टायर आठ प्लायचा आणला तरी त्यात ६५ पाउंड हवा या डिस्कमध्ये मारता येणार नव्हती. शिवाय उजवी डिस्क सोललेल्या टायरवर धावून कडेला वाकली होती.

म्हणजे डिस्काही बदलायच्या. त्या त्याच्याकडे नव्हत्या, रॉचेस्टरहून दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. सी श्रेणीचे टायर मात्र दुकानात हजर होते. वाकलेली डिस्क बाजूला टाकून स्टेपनीची डिस्क वापरली, की तासाभरात गाडी रस्त्यावर.

इथे आमच्यात वाद झाला. बॅडलँड्समधल्या तळावर भावाने दोन रात्रींची जागा राखली होती, त्याला कामावरून मोजून पाच दिवस मिळाले होते. "अमेरिकेत रस्ते गुळगुळीत आहेत आपा, खड्डे आहेत का? सी पुरे. पाणी ओतून टाकू, तांदूळ पुढे गाडीत घेऊ." त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पाणी ओतले की पंचाहत्तर किलो गेलेच असते. मला मात्र अब्बा आठवत होते. अब्बा आंब्याच्या दिवसांत टेम्पो घेऊन वाशीला जात. घाट उतरण्यापूर्वी टेम्पो थांबवून टॉमीने एकेक टायर ठोकत आणि कान देऊन आवाज ऐकत. पेट्या उशिरा पोहोचल्या तर भाव पडायचा, तरी ते थांबत. भाऊ तेव्हा पाच वर्षांचा, टेम्पोत पुढे बसून तो आवाज ऐकलेला. मी एवढेच म्हणाले, "अब्बा काय म्हणाले असते?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एक रात्र जाईल."

"जाऊ दे," भावजय म्हणाली. पोरे तिचीही होती.

दुकानामागच्या मोकळ्या आवारात दुकानदाराने ट्रेलर उभा करू दिला. जूनमध्ये तिकडे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. मगरिब करून जेवायला साडेनऊ झाले. कुकरची शिट्टी ऐकून शेजारच्या गॅरेजचा कुत्रा भुंकत राहिला. डाळभात म्हाताऱ्यालाही एका डब्यात घालून दिला, त्याने तो उभ्याउभ्या खाल्ला आणि कोकमाची कढी मात्र वास घेऊन परत केली.

सकाळी डिस्का आल्या. पाच नटांच्या, नटांचे वर्तुळ साडेचार इंचांचे, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. गंमत म्हणजे तिकडच्या कॅम्री आणि अकॉर्ड गाड्यांनाही हेच वर्तुळ असते. त्यामुळे भंगारातल्या कारच्या डिस्का ट्रेलरला ठोकून देणारे लोक आहेत. नट बसतात, पण कारची डिस्क बहुधा मध्यरेषेपासून सरकलेली असते आणि ट्रेलरची सरळ मध्यावर. ओझे बेअरिंगवर भलत्याच जागी पडते, आणि भाराची मर्यादा ओलांडली जाते ती वेगळीच. भावाला चौदाऐवजी पंधरा इंची डिस्क हवी होती, "दिसायला बरी." पंधरा इंची टायर अर्धा इंच वर येतो, आणि आमच्या चाकावरचा पत्रा आधीच वाकून खाली आलेला. चौदाच घेतली.

ट्रेलरची डिस्क कारसारखी मधल्या भोकावर तोलून बसत नाही, नटांच्या निमुळत्या तोंडांवर बसते. म्हणून नट चांदणीच्या क्रमाने आवळायचे, एक सोडून एक. म्हाताऱ्याने माप दाखवणारा पाना भावाच्या हाती दिला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. नव्या डिस्केचे नट पहिल्या पन्नास मैलांत पुन्हा तपासायचे, हे त्याने तीनदा सांगितले. व्हॉल्व्ह रबराचे न घालता धातूचे घातले. तीन टायर, तीन डिस्का आणि मजुरी मिळून बिल सहाशे डॉलरच्या वर गेले. भावाने ते घडी करून खिशात ठेवले, भावजयला दाखवले नाही. शेवटी म्हाताऱ्याने बजावले, टायर आता ४०८० पाउंडांचा झाला तरी अ‍ॅक्सल ३५०० चाच आहे. टाकीतले पाणी आम्ही तिथल्या गवताला दिले आणि तांदूळ-कोळसा डाव्या बाजूला हलवला.

पुढचा प्रवास साठ-बासष्ट मैलांनी झाला. साउथ डकोटात आय-९० वर ताशी ऐंशी मैलांची परवानगी आहे, म्हणजे जवळजवळ एकशे तीस किलोमीटर. ट्रेलरच्या टायरवर वेगाचे अक्षर नसेल तर पासष्ट मैलांपलीकडे जायचे नाही. आमच्या नव्या टायरवर 'एम' होते, एक्याऐंशी मैलांपर्यंत चालणारे, तरी भाऊ उजवीच्या पट्ट्यातून हलला नाही. मागून येणारे हॉर्न वाजवत. दर दीडशे किलोमीटरवर तो थांबे, उतरे आणि दोन्ही चाकांच्या मधोमध उलटा हात लावून पाही. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापले तर हवा कमी किंवा बेअरिंग बिघडलेले. हवा मात्र सकाळी चाक थंड असतानाच मोजायची. तापल्यावर ती वाढलेली दिसते, तेव्हा सोडून दिली तर रात्री कमी पडते.

चेंबरलेनला मिसूरी नदी ओलांडतात. वर टेकडीवर पोलादाची पन्नास फुटी स्त्री उभी आहे, पाठीवर चांदण्यांची गोधडी पसरलेली. ती तिथल्या मूळ लोकांच्या, लाकोटा आणि डकोटांच्या सन्मानासाठी २०१६ साली उभारली. आमचे चाक तपासणे चालू असताना मी तिच्याकडे पाहत बसले. नदीपलीकडे शेती संपते आणि गवत सुरू होते. मग तासाभरात घड्याळ एक तास मागे जाते, आणि रस्त्याच्या कडेला वॉल गावच्या एका दुकानाच्या पाट्या लागतात: बर्फाचे पाणी फुकट. १९३०च्या दशकापासून ते दुकान वाटसरूंना असे पाणी पाजते आहे. सबीलच म्हणा, फक्त शेजारी डोनट विकत मिळतात.

बॅडलँड्सला पोहोचलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते. सपाट गवत एकाएकी संपते आणि जमीन खाली तुटते. खाली मातीचे मनोरे, सुळे, घळी, आणि त्या सगळ्यांवर एका उंचीला गुलाबी, एका उंचीला पिवळा, एका उंचीला राखाडी असे सरळ पट्टे, जसे कोणी दोरी लावून ओढले आहेत. लाकोटा लोक या भूमीला 'माको सिका' म्हणतात, म्हणजे वाईट जमीन, तेच इंग्रजीत आले. पाऊस आणि वारा इथली माती वर्षाला सुमारे एक इंच नेतात, डोंगराच्या मानाने हा वेग भरधाव म्हणायचा. दोनऐवजी एकच रात्र मिळाली. पहाटे ट्रेलरचे दार उघडले तर समोरच्या कड्यावर रानमेंढ्या चरत होत्या आणि भाऊ चहाचा कप चाकावर ठेवून हवेचा काटा पाहत होता. "पासष्ट आहे," तो म्हणाला, मी विचारले नव्हते तरी.

घरी चिपळूणला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. रविवारी मी आमच्या गाडीची डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढायला लावली. आपल्याकडच्या टायरवरही ते चार आकडे असतात. धूळ पुसली तर निघाले ३५१४. नवऱ्याने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "अजून एकदाही वापरली नाही, नवीच आहे."